गप्पीदासाच्या काठ्या

दर्यापूरजवळच्या रशीदभाईंचा फोन आला, "भाऊ, तुमचा गप्पीदास मेला. या पाहाले." त्यांच्या शिवारात मी नेहमी पक्षी पाहायला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीहून बस धरली. तुम्ही जाणार असाल, तर दर्यापूरला पुढची काळीपिवळी जीप भरेपर्यंत स्टँडसमोर आलूबोंडा खाऊन घ्या. शिवारात चहाखेरीज काही मिळत नाही.

कवड्या गप्पीदास चिमणीएवढा. नर काळा-पांढरा, मादी मातकट. काठीवर बसतो, झेपावतो, अळी उचलतो. कृषी सहायकानं सांगितलं म्हणून रशीदभाईंनी हरभऱ्यात त्याच्यासाठी आडव्या दांडीच्या काठ्या रोवल्या. जोडी रोज येऊ लागली. मग औषधाच्या दुकानदारानं अळीवर फवारा दिला. तोही मारला. तिसऱ्या दिवशी नर काठीखालीच पडलेला.

मी भडकलो. "मग बोलावलं कशाला त्याला?"

"दोघंही शिकलेलेच होते न भाऊ! मी कोनाचं ऐकाचं होतं?"

शेती संकटात आल्यापासून वऱ्हाडात एकच पीक जोमात आहे, सल्ल्यांचं.

दुसऱ्या फवारणीचा पंप भरून तयार होता. समोर काठीवर मादी शेपटी हलवत होती. मी विषावर भाषण ठोकलं.

"भाषण झालं असन त सरका," म्हणत रशीदभाईंच्या पत्नी शमीमभाभी वावरात शिरल्या आणि काठ्या उपटू लागल्या.

"अवं, काहून उपटून राहिली?"

"मेहमानाले बोलावून जहर द्याचं का? फवारा मारा, नाहीतर काठ्या ठेवा."

रशीदभाईंनी पंप पाठीवर घेतला. मीही काठ्या उपटू लागलो. मादी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर गेली.

एक काठी घेऊन संध्याकाळी घरी परतलो. जगभरच्या कुठल्या पक्ष्याला किती धोका, त्याची यादी उघडली. गप्पीदास 'किमान चिंता' गटात. जगात पुष्कळ आहेत म्हणे. असतील! म्हणून या वावरातला मेला तर कुणी हिशेब द्यायचा नाही? धोक्यात येईपर्यंत थांबायचं आणि मग समिती नेमायची?

चार दिवसांनी पुन्हा फोन. "भाऊ, मादी बाभळीवरच हाय. ते काठी वापस आना. तुमची भाभी म्हनते, धुऱ्याजवळचा अर्धा एकर आता बिनदवाईचा ठेवा. अळीनं फस्त केला त तुमालेच बोलीन मी."

बोला, रशीदभाई. उद्याच्या पहिल्या बसनं निघतोय. काठी उभी धरूनच न्यावी लागते, आडवी मावत नाही.