कुसगावची जागा आणि बर्फाचं पत्र

"हे पत्र खोटं आहे," मॅनेजर गोडबोले म्हणाले. "आमच्या कंपनीनं बर्फ कधी विकलाच नाही."

पत्राच्या माथ्यावर मात्र छापलं होतं, 'बर्फ व वीज'.

लढाईचे दिवस होते. लोणावळा-खंडाळ्याला वीज पुरवणारी ही कंपनी मुंबईचे एक शेठ विकत घेणार होते. मी पुण्याचा ऑडिटर. कागदपत्रं तपासायला शेठनी मला पाठवलं होतं. वीज बाहेरून घ्यायची, कुसगावचं इंजिन बंद करायचं आणि त्याखालची जागा बंगल्यांसाठी विकायची, असा त्यांचा बेत. त्या जागेचं खरेदीखत कुठंच सापडेना. आणि नेमके तेव्हाच कुसगावचे धोंडिबा, कंपनीच्या नावानं त्यांच्या वडिलांना आलेलं हे जुनं पत्र घेऊन आले.

"जागा माज्या बापानं वापराया दिली व्हती, इकली न्हाई," ते म्हणाले. "इंजान हाय तवर कंपनीची, मग आमची. लिवलंय बगा."

तसं लिहिलं होतंच. पण विक्रीची बातमी फुटल्यावरच पत्र कसं उगवलं?

"आबा, इतकी वर्षं हे कुठं होतं?"

"पेटीत. इंजान चालू व्हतं, तवर काडायचं काय काम?"

उत्तर बिनतोड होतं. माझा संशय त्यानं वाढलाच.

मी गोडबोल्यांकडे कंपनीचा जुना पत्रव्यवहार मागितला.

"वाळवीनं खाल्ला."

"सगळा?"

"सगळा."

दुसऱ्या दिवशी मी इंजिनाचं मूळ बिल मागितलं. घसारा, म्हणजे यंत्र झिजून त्याची किंमत किती उतरली, ते काढायचं होतं. गोडबोल्यांनी कपाट उघडलं. बिलांच्या गठ्ठ्याखाली जाड बांधणीची कॉपी-बुकं होती. वाळवीचा मागमूस नव्हता. ते दार लोटायला लागले, तसा मी हात मध्ये घातला.

तेव्हा धाडलेल्या पत्राची नक्कल अशी घेत: खास शाईनं पत्र लिहायचं, पुस्तकातलं पातळ पान ओलं करून त्यावर ठेवायचं आणि प्रेसमध्ये दाबायचं. अक्षर सहीसकट उमटतं. पानांवर नंबर छापलेले असतात. मागाहून पान घुसवता येत नाही.

पहिली कितीतरी पत्रं नुसत्या बर्फाची निघाली. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्याची माफी मागितली होती, बर्फ वाटेतच वितळला म्हणून. स्टेशनमास्तरांना विनंती होती, पेट्या उन्हात ठेवू नका. मग एक वेगळंच पत्र: संध्याकाळनंतर इंजिन रिकामं असतं, त्यावर दिवे लावता येतील का? वीज कंपनी जन्मली ती अशी. पुढं थोड्याच पानांनी धोंडिबांच्या वडिलांना लिहिलेलं पत्र. शब्द न् शब्द तोच. सहीही तीच.

"गोडबोले, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"मी नंतर लागलो इथं."

"आणि वाळवी?"

त्यांनी चहा मागवला.

रिपोर्ट वाचून शेठ भडकले. "तुम्हाला माझ्या बाजूनं पाठवलं होतं, का त्या म्हाताऱ्याच्या?"

"कागद कंपनीचेच आहेत, शेठ."

व्यवहार झाला, पण जागा वगळून. इंजिन तिथून हलवलं त्या दिवशी धोंडिबांनी जागेला कुंपण घातलं. शेठनी मला पुन्हा काम दिलं नाही. गोडबोल्यांना खरंच ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही. कुठल्याही कंपनीचा इतिहास मात्र तेव्हापासून मी तिच्या मॅनेजरला विचारत नाही. तिनं त्या काळी लोकांना काय लिहून दिलं, तेवढं वाचतो.