त्रेंदाफिल्काकाकूची कढई

आमच्या त्रेंदाफिल्काकाकूला हँडबॉलपुढे काही सुचत नाही. गावातल्या पोरींना शिकवते, जुन्या पडद्यांच्या चड्ड्या शिवते, नवऱ्याला गोलाच्या जाळीला गाठी मारायला बसवते. पण यंदा तिचा चेहराच उतरला. बसवाल्या ब्लाझेनं भाडं दुप्पट केलं, आणि परगावचे दोन सामने चुकले की स्पर्धेतून नाव कट!

"रडत काय बसायचं?" शेवटी काकूच म्हणाली. "सगळ्या मिळून आयव्हार करू. एकाच कढईत. बाजारात विकू."

लाल गोड मिरच्या भाजायच्या, सोलायच्या आणि दिवसभर घोटायच्या, तेव्हा कुठे हा चटणीसारखा आयव्हार होतो. आणि तो फक्त आपल्यालाच जमतो, असं आमच्याकडच्या प्रत्येक बाईला वाटतं. चौकात चूल पेटली. पोरी सोलत होत्या, आम्ही आळीपाळीनं ढवळत होतो, तोंडांना तर विश्रांतीच नव्हती.

संध्याकाळी काकूनं चव घेतली आणि थू करून थुंकली. "अगं बायांनो, मीठ आहे की काय आहे हे!"

"मी चिमूटभरच घातलं," पारास्केवा शेजारणीकडे बोट करत म्हणाली. "हिला अंदाज नाही ना, म्हणून."

"अगं, पण मीपण घातलं!"

"मीपण!"

जिच्या हाती डाव आला, तिनं गुपचूप मीठ टाकलेलं. पोरी तर रडायच्या बेतात. गेली बस, गेली स्पर्धा!

काकूनं एप्रन खोचला. "एक थेंब फेकायचा नाही. हिवाळ्यासाठी घरी ठेवलेल्या मिरच्या आणा. खारटपणा मोडेपर्यंत घालू."

"मग हिवाळ्यात आम्ही काय खायचं, तुझं डोकं?" पारास्केवा फणकारली.

"गोलात तुझीच पोरगी उभी असते ना?"

पारास्केवा तणतणत गेली आणि सगळ्यांत मोठं पोतं ओढत आली. मग काय, एका कढईच्या चार कढया झाल्या! बाजारात बरण्या हातोहात खपल्या. अख्ख्या हंगामाचं भाडं निघालं.

"काकू, एक बरणी मला ठेव की गं," मी म्हटलं.

"ठेवते. दिनार काढ आधी."

माझ्याच मिरच्या मी विकत घेतल्या, बोला! हसून हसून पोट दुखलं.

रविवारी पोरी सपाटून हरल्या आणि परतीच्या वाटेभर गात आल्या. बसमधून उतरताना पारास्केवानं ब्लाझेला दरडावलं, "पुढच्या रविवारी वेळेवर ये हो. पैसे मोजलेत आम्ही!"