केळीच्या बागेत स्टीलचं ताट

माझ्या आजाराचं कारण डॉक्टरांना माहीत नाही. माझ्या नातेवाइकांना मात्र पक्कं माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं.

कंबरेवर आणि मांड्यांवर लालसर, कोरडे चट्टे घेऊन मी कित्येक वर्षं हिंडलो. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीजवळच्या मेडिकलवाल्याने ते गजकर्ण ठरवून मलमाच्या ट्यूबा खपवल्या. शेवटी जळगावातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, हा त्वचेचा लिम्फोमा. रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी बिघडून कातडीत ठाण मांडतात, असा कर्करोग. माझा सुरुवातीचाच आहे, सावकाश चालणारा आहे, मलम आणि किरणांचे शेक घेतले तर बहुधा आटोक्यात राहील. कशाने झाला, हे मी विचारलंच. त्या म्हणाल्या, नेमकं कोणालाच ठाऊक नाही. पन्नाशीनंतर जास्त आढळतो, पुरुषांत जास्त आढळतो. काही रसायनांवर, काही जंतूंवर संशय घेतला गेला, पण सिद्ध झालेलं नाही. एकाचा दुसऱ्याला मात्र लागत नाही.

एवढं साधं उत्तर आमच्या लोकांना पचेल तर शपथ. काकांनी शिकरणीला दोष दिला, व्याह्यांनी वांग्याला, मेहुण्याने मी शाळेत जन्मभर हाताळलेल्या खडूला. एका भाचीने मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. त्यात गुन्हेगार फ्रिजचं पाणी होतं. मी मास्तर होतो, चुकीची उत्तरं तपासण्यात हयात गेली, पण एवढ्या आत्मविश्वासाने चुकणारा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

थंडीत रावेरजवळच्या आमच्या केळीच्या शेतात भरिताची पार्टी असते. शेत धाकटा भाऊ करतो, पण भरीत कुटायचा मान थोरला म्हणून माझा. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलून होडीसारख्या लाकडी बडगीत टाकायची, मिरची-लसूण घालून दणादण कुटायची. यंदाही मी बाह्या सरसावल्या, तर भावाने मुसळ माझ्या हातातून काढून घेतलं.

"नाना, तुम्ही बसा. तुमचा हात नको."

आणि हे कोणी म्हणावं? सकाळीच त्याने फवारणीचं औषध पिंपात कोपरापर्यंत उघडा हात घालून ढवळलं होतं. मी आणून दिलेले हातमोजे पिशवीतून बाहेरसुद्धा निघाले नव्हते. त्या औषधाने मला रोग झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरबाईही म्हणाल्या नाहीत. पण हातमोजे घाला असं त्या डब्यावरच छापलेलं असतं. तो हात नळीखाली विसळला की स्वच्छ, आणि माझा साबणाने धुतलेला हात विटाळ!

पुढे तर कमालच झाली. सगळ्यांपुढे केळीची पानं मांडली, माझ्यापुढे स्टीलचं ताट. पान जेवून फेकून देतात, ताट घासून पुन्हा वापरतात. विटाळ पाळायचाच होता तर पान मला द्यायचं, एवढीही अक्कल या शहाण्यांना नव्हती. मी जेवलो. वांग्यात मीठ कमी होतं आणि मला रडू येत होतं.

जेवणं झाल्यावर भावाने मला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे बोलावलं. मला वाटलं, माफी मागेल. त्याने इकडेतिकडे बघून शर्ट वर केला. कंबरेवर तळहाताएवढा लालसर चट्टा होता, कोरडा, बारीक खपल्यांचा.

"तुमच्यापासूनच लागला ना मले?"

ताट, मुसळ, हातमोजे, सगळं तोंडाशी आलं होतं. पण हा लहानपणी माझ्या पाठीवर बसून नदीला येणारा भाऊ, आणि मला त्याच्यासाठी विलक्षण भीती वाटली. मी चट्ट्यावर बोट ठेवून पाहिलं. तो मागे सरला नाही. मी म्हटलं, हे नुसतं गजकर्णही असेल, बघून कळत नाही, उद्या जळगावला ये, बाईंना दाखवू. माझ्यापासून तर लागतच नाही. आणि केव्हापासून आहे, हे विचारलं.

तो शर्ट खोचत खाली बघून म्हणाला, "तुमच्या आधीपासून."