ससाणा पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांबरोबर एक रविवार

आमच्याकडे रविवारी कुठे जायचं ते मी ठरवते. गेल्या महिन्यात एकदा हेमंतने ठरवलं, म्हणून हे प्रवासवर्णन नौपाडा ते ठाकुर्ली एवढंच आहे. डोंगर, धबधबे हवे असतील त्यांनी इथूनच परत फिरावं.

हेमंत म्हणजे माझा नवरा. एका मोठ्या कंपनीच्या स्टोअर्समध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली होती आणि अर्जाची शेवटची तारीख होती सोमवार. ते पैसे घेऊन साहेब स्पोर्ट्स कारच्या कारखान्याचे सहसंस्थापक होणार होते. गाडीचं नाव ससाणा. लाल, दोनच माणसांची, फायबरची. पन्नासेक वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच कुणा हौशी इंजिनिअरने थोड्या बनवल्या आणि बंद केल्या. का बंद केल्या, असं विचारलं की हेमंत पाणी प्यायला उठायचा. शेवटी मी म्हटलं, "अर्ज भरण्याआधी मला सगळं दाखव." तो म्हणाला, "चल की!"

नौपाड्याहून वर्तकनगर, रिक्षाने. रविवारी सकाळी फार वेळ लागत नाही. योजनेचा जनक विलास प्रधान, हेमंतचा शाळेपासूनचा मित्र, तिथे राहतो. नव्या कंपनीचं मुख्यालय म्हणजे त्याचा हॉल. आणखी तिघे सहसंस्थापक सोफ्यावर बसलेले, अंगात ससाणाच्या मालकांच्या क्लबचे टी-शर्ट. गाडी नाही, मालक नाहीत, पण क्लब आहे. पोटांवर ससाणा जरा जास्तच पंख पसरून बसला होता.

"वहिनी, पोहे घ्या आणि इतिहास घडताना बघा," विलास म्हणाला.

पोहे उत्तम होते, हे प्रामाणिकपणे नोंदवते. इतिहास टीव्हीवर घडत होता. आधी लोगो, मग घोषवाक्य. मी विचारलं, "इंजिन कुठलं?" विलासने पुढची स्लाइड लावली. त्यावर रंगांची नावं होती.

"इंजिन काय हो, बाजारात मिळतं. आत्मा मिळत नाही."

हेमंतने मान डोलावली. या माणसाला मिक्सर घेताना वॉरंटी कार्ड वाचायला पाऊण तास लागतो. तो आता आत्म्यासाठी नोकरी सोडायला निघाला होता.

तिथून आम्ही दोघं विलासच्या गाडीत, बाकीचे तिघे मागच्या गाडीत. मुंब्रा बायपासने शिळफाटा आणि पुढे डोंबिवली. जाणार असाल तर नऊच्या आत निघा, नंतर ट्रेलरच्या मागे आयुष्य जातं. आमचं ट्रेलरशिवायही गेलं असतं, कारण वेगवान गाडीचा हा उद्गाता चाळीसच्या वर जात नाही. शिळफाट्याला एक रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "काका, चालवताय की धुवायला आणलीय?"

पुढे एक दणदणीत गतिरोधक लागला. विलास म्हणाला, "आत्ता ससाणा असती ना, वहिनी..."

"तर इथेच राहिली असती. पोट जमिनीपासून चार बोटांवर आहे म्हणालात ना?"

"सस्पेन्शन दुसऱ्या टप्प्यात आहे," हेमंत म्हणाला. म्हणजे माझा नवराही आता टप्प्यांत बोलायला लागला होता.

डोंबिवलीत मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, बेताची तिखट असते. मग ठाकुर्लीला म्हात्र्यांच्या शेडमध्ये. म्हात्रे मंडळांसाठी देखावे करतात: रथ, महाल, एकदा आख्खा हिमालय. ससाणाचा पहिला नमुना यांच्याकडे बनत होता. चाकांखाली लिंबं ठेवली होती. चाकं प्लायवूडची होती, त्यामुळे लिंबांना काही धोका नव्हता. विलासने नारळ फोडला आणि साटीनचं कापड ओढलं.

मी टोमणा तयार ठेवला होता, तो तसाच राहिला. गाडी सुंदर होती. लांब नाक, गोल दिवे, काचेसारखा लाल रंग. म्हात्र्यांचा हात देवाने दिलेला आहे, यात शंका नाही. हेमंत दार उघडून आत बसलासुद्धा. आतली सीट म्हणजे पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची होती.

मी सवयीने मागे गेले. मागे बांबू, गोणपाट आणि सुतळी.

"म्हात्रे, मागचं काय?"

"तुमी लग्नाचे फोटू दिले ते सगले पुढनंच," म्हात्रे म्हणाले. "पुढं नवरा-नवरी, मांगं गारी. तिचं मांगचं कुटं दिसतं? आनि देखाव्याच्या मांगं भिंतच असते ना, मॅडम."

मग पाचही संस्थापक आठवायला लागले. एक म्हणाला मागचे दिवे गोल होते, दुसरा म्हणाला उभे. विलास म्हणाला, तीन होते. हेमंत आतूनच म्हणाला, मला काहीच आठवत नाही.

"अहो, एवढी वेगवान गाडी," मी म्हटलं. "एकदा जरी तुम्हाला मागे टाकून गेली असती तर तिची पाठच आठवली असती. पाच जणांनी पाहिली आणि पाचांनीही समोरूनच! म्हणजे ती उभीच होती."

म्हात्रे खो खो हसले. विलास म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार निगेटिव्ह आहात." हेमंत हसला नाही, चिडलाही नाही. स्टिअरिंग धरून समोरच्या पत्र्याकडे बघत बसला होता.

"हेमंत, उतर."

"पाच मिनिटं."

मी तीन दिली.

परतताना आम्ही ठाकुर्लीहून ट्रेन पकडली. पाचच्या आत घरी. चहा टाकला. जिंकल्याचा आनंद होता, तो लपवायचं काही कारण नव्हतं. "वाचलो बाई," मी म्हटलं.

"गाडी हसण्यासारखीच आहे," हेमंत म्हणाला. "मला काय कळत नाही?"

"मग?"

"मला गाडी नको होती गं. मला रोज स्टोअर्समध्ये जायचं नव्हतं. दोन वर्षं झाली, माझं सगळं काम काढून घेतलंय. खुर्ची ठेवलीय. आठ तास बसतो, डबा खातो, येतो."

तो डबा रोज मी भरत होते. संध्याकाळी तो रिकामा आहे ना, एवढंच बघत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सोमवारी अर्ज गेला. विलासला मी स्वतः फोन करून सांगितलं की कारखान्यात आमच्याकडचं कुणी येणार नाही. तो अजून मागचे दिवे शोधतोय म्हणे. हेमंत तीन आठवडे घरी आहे. पुढे काय करायचं ते त्याचं ठरलेलं नाही, आणि दिवस कसा गेला हे मी रोज संध्याकाळी त्याला विचारते.