तेल, पाणी, बटाटे आणि जोशी

जुन्या जहाजावरचा गंज आणि किस्से सारखेच. एक थर खरवडला की खाली दुसरा तयार! २०१२-१३च्या सुमारास स्टुटगार्टच्या आमच्या पंप कंपनीने मला आणि साताऱ्याच्या जोशीला हॅम्बुर्गच्या गोदीत धाडलं. तिथे ब्रिटिश नौदलाचं एक म्हातारं जहाज दुरुस्तीला आलं होतं. त्याचं जन्मभराचं काम एकच : भर समुद्रात युद्धनौकांना तेल, पाणी आणि बटाटे पुरवणं. थोडक्यात, तरंगतं किराणा दुकान!

*

जहाजाचा चीफ इंजिनिअर भारी अभिमानी. "बंदूक आम्हीही चालवतो! दुसऱ्या जहाजावर दोरी फेकायला. दोरीमागून तेलाचा पाइप जातो."

जोशीने विचारलं, "कधी कोणाला लागली?"

"एकदाच. अ‍ॅडमिरलची टोपी उडाली. पण तेल वेळेवर पोचलं!"

*

या खलाशांच्या हातांना सवयच अशी, की शेजारी बोट दिसली की सामान द्यायचं. एकदा एक जर्मन टगबोटवाला तणतणत आला, "माझ्या जागेत का उभे आहात?" वाक्य संपायच्या आत त्याच्या डेकवर बटाट्याची पोती!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तक्रार घेऊन हजर. या वेळी कांदे हवे होते.

*

जोशीच्या टूलबॉक्समध्ये पान्यांशेजारी आलं आणि किसणी. गोदीतर्फे तपासणीला येणाऱ्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्र्यूगरने किसणी उचलून विचारलं, "ही कुठल्या पंपाची?"

जोशी म्हणाला, "माझ्या! आल्याच्या चहाशिवाय मी सुरूच होत नाही."

*

आणि तो शुक्रवार! आम्ही बसवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नव्या पंपाची टेस्ट. पास झाली तर जोशी संध्याकाळच्या विमानात आणि रविवारी बहिणीच्या लग्नात. नाही तर सोमवारपर्यंत गोदीत.

जुळवाजुळव करता करता तीन वाजले. चीफ उठला; त्याच्याशिवाय टेस्ट होणार नव्हती. "तीन म्हणजे चहा. भर वादळातही चुकवला नाही!"

धक्क्यावरून फ्राऊ क्र्यूगर म्हणाली, "चारला फायरआबेंड. काम बंद, मी घरी. गेनाऊ, अगदी काट्यावर!"

"अरे, हा तासभर चहा पीत बसणार," जोशी मला म्हणाला, "आणि तिकडे बहीण माझ्याविना बोहल्यावर चढणार!"

मग एकदम त्याने आलं, किसणी उचलली आणि जहाजाच्या स्वयंपाकघरात पळाला.

थोड्या वेळात पंप सुरू. जहाजावरून धक्क्यापर्यंत पाइप, प्रेशर चोख, आणि पाइपातून वाफाळता साताऱ्याचा चहा! चीफ आपला कप घेऊन तोटीशी उभा. त्याचा चहाही चालू, आमची टेस्टही चालू!

फ्राऊ क्र्यूगरने एकेक जोड वाकून तपासला. मग कप पुढे केला. एक घोट घेतला.

"आल्झो, तर मग," ती म्हणाली, "गळती नाही. आलं कमी आहे."