नाक माझं, काळजी ऑफिसची

सुरुवात टॉवेलने झाली. सकाळी तोंड धुऊन नेहमीसारखं खसाखसा पुसलं आणि नाकाच्या डाव्या बाजूला काहीतरी ओढलं गेलं. आरशात पाहिलं, तर नव्या चमकीभोवती पिवळट खपली आणि त्यात टॉवेलचा एक निळा धागा अडकलेला! मी किंचाळले. पलीकडच्या कॉटवर माझी रूममेट रेवती झोपली होती. डोळे न उघडता म्हणाली, "पाल आहे?"

"पू आहे!"

"मग ठीक आहे," म्हणाली आणि कूस बदलली.

नाकाला भोक पाडलं की त्यातून काय काय बाहेर येतं, ते टोचल्याशिवाय कळत नाही. माझ्या नाकातून मुख्यतः किस्से आले. जळगावला एमआयडीसीत, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये मी आणि रेवती काम करतो. तिथे कुणाच्या घरात काय शिजलं तेही गुप्त राहत नाही, तर नाक काय राहणार!

गुप्त ठेवायचं होतं ते फक्त आईपासून. आई धुळ्याला. तिचं म्हणणं, नाक लग्न ठरल्यावर टोचायचं. माझं लग्न ठरलेलं नाही, ठरायची लक्षणंही नाहीत, आणि चमकी मला आत्ता हवी होती. म्हणून रेवतीला सोबत घेऊन टोचून आले. ठरवलं होतं, सूज उतरली, छान दिसायला लागलं, की धुळ्याला जाऊन दाखवायचं. चिघळलेलं नाक घेऊन गेले असते तर "बघ, सांगितलं होतं ना!" हे वाक्य मला म्हातारपणापर्यंत पुरलं असतं.

*

टोचणाऱ्या मुलीने नीट सांगितलं होतं. मिठाच्या पाण्याने धुवायचं, फिरवायचं नाही, काढायचं नाही, हात लावायचा नाही. मी मान डोलावली आणि घरी आल्यापासून तिला फोटो पाठवायला लागले. हे लाल नॉर्मल आहे का? हे पाणी नॉर्मल आहे का? ही खपली नॉर्मल आहे का?

ती बिचारी प्रत्येक वेळी "हो मॅडम, नॉर्मल" लिहायची. टॉवेलवाल्या सकाळी मी अगदी जवळून, झूम करून फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "मॅडम, जरा लांबून काढा. हे नाक आहे की रस्त्यातला खड्डा, कळत नाहीये!"

*

आमच्याकडे महाजन अक्का म्हणून सीनियर आहेत, मूळच्या रावेरच्या. नाक बघताच म्हणाल्या, "मिठाचं पाणी? लोणचं घालायचंय का नाकाचं? हळद लाव, खोबरेलात शिजवून."

अक्कांना नाही म्हणायची माझी छाती नाही. दुपारी लावली. थोडी गालावर ओघळली, थोडी ड्रेसवर पडली. संध्याकाळी लोडिंगकडे गेले तर सुपरवायझरने हात जोडले. "अभिनंदन मॅडम! सांगितलं नाही?" घरी जाईपर्यंत गेटवरच्या वॉचमनकाकांसकट बठ्ठ्यांनी अभिनंदन केलं. वॉचमनकाका तर म्हणाले, "पोरगा कुठला शे?"

*

क्वालिटीचे पाटीलभाऊ मात्र शास्त्रीय. दिवसभर पाइपचे जॉइंट तपासतात.

"गळतंय का अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं."

"हलवता का?"

"बसलंय की नाही ते बघायला... थोडंसं."

त्यांनी कपाळावर हात मारला. "मॅडम, सोल्युशन लावलेला जॉइंट सुकायच्या आत हलवला तर जन्मभर गळतो. गिऱ्हाइकाला रोज फोनवर कोण सांगतं हे?"

"मीच."

"मग एक फोन स्वतःला लावा!"

*

हिवाळ्यात आमच्या ऑफिसची भरीत पार्टी असते, अक्कांच्या भावाच्या शेतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, हिरवी मिरची, कांद्याची पात, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. वास गावापर्यंत जातो. मी पान घेऊन बसले आणि अक्का ओरडल्या, "हिला वाढू नका! वांगं खाल्लं की पिकतं नाक!"

रेवतीने तिथल्या तिथे मोबाइल काढला. "अक्का, असं काही नसतं. गूगल म्हणतंय, वांग्याचा काही संबंध नाही."

अक्का भरीत घोटता घोटता म्हणाल्या, "गूगलने नाक टोचलंय का कधी?"

मी कांद्याच्या पातीबरोबर भाकरी खाल्ली. सगळ्यांनी तोंडभर भरीत घेऊन माझं सांत्वन केलं.

*

आईचे व्हिडिओ कॉल हे वेगळंच संकट. मी मोबाइल असा धरायचे की नाकाच्या वरचंच दिसेल. आठवडाभर आईने सहन केलं. मग काळजीने म्हणाली, "केस गळतात का गं तुझे? नुसतं कपाळच दिसतं!"

*

शेवटी घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. "छान भरतंय. हात लावता का?"

"अजिबात नाही."

"मग आत्ता काय करताय?"

माझं बोट नाकावरच होतं. ते म्हणाले, "औषध नाकाला नकोय, हाताला हवंय. विणकाम येतं का?"

*

विणकाम नाही, पण मी खिशात हात घालून फिरायला शिकले. सूज उतरली, खपली धरणं थांबलं, आणि आरशात पाहिलं तर खरंच छान दिसत होतं! रविवारी धुळ्याची बस धरली. धुळीसाठी तोंडाला स्कार्फ बांधला होता. पारोळा गेल्यावर पाणी प्यायला तो ओढला आणि चमकी त्याच्यासोबत बाहेर आली.

मांडीवर पडली म्हणून सापडली तरी. पण नवं भोक तासाभरातही बुजू शकतं, हे मला पाठ होतं. घालायला गेले तर बस एकीकडे उडते, हात दुसरीकडे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आन इकडे, मी घालस." त्यांच्या बोटाला मिसरी लागलेली होती. मी खिडकीला चिकटले.

टोचणाऱ्या मुलीचा फोन बंद. रविवार! रेवतीला लावला.

"आईला फोन कर," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? तिला माहीतच नाहीये!"

"मग बुजू दे," म्हणाली आणि फोन ठेवून दिला!

मी डोळे मिटून आईला लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. फागणे आलं तरी व्यस्त. आई एवढा वेळ कुणाशी बोलतेय? मला रडूच फुटलं. आजींनी पदराने माझं तोंड पुसायला घेतलं, मी पुन्हा खिडकीला चिकटले आणि परत नंबर दाबला.

रिंग गेली. आईने उचलला. मी अजून "हॅलो"सुद्धा म्हटलं नव्हतं.

"डावीकडचीच पडली ना व? आत्ताच रेवतीचा फोन ठेवला. मुठीत घट्ट धर. सोनारनानांना दुकानात बसवून ठेवलंय मी!"