पाणअस्वलाचा तालुका

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. राहुरीच्या कृषी प्रदर्शनात सूक्ष्मदर्शक मांडून बसलो होतो, तेव्हा दुष्काळी कर्जत तालुक्यातल्या एक बाई आल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एक डोळा पदरानं झाकला, दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला आणि जागच्या हलेनात. काचेवर वाळक्या शेवाळातलं पाणअस्वल नावाचं सूक्ष्म जनावर होतं, टिकलीहून कितीतरी बारीक, सुकून गोळी झालेलं. मी त्यावर नुकताच पाण्याचा थेंब सोडला होता.

"मेलंय का वो?"

"पाणी मिळालं की उठतं. कधी उठतही नाही."

मागे रांग कुरकुरत होती, बाहेर त्यांना न्यायला थांबलेला टेम्पो हॉर्न देत होता. "थांब रं, ह्ये उठू दे!" बाई तिथूनच ओरडल्या.

तेवढ्यात मी वर्गीकरण सांगून घेतलं. कणा नाही, म्हणजे अपृष्ठवंशी. पाय आठ, म्हणून कीटक नाही. पायांना सांधे नाहीत, म्हणून कोळीही नाही. त्याचा संघच, म्हणजे प्राण्यांमधला मोठा गटच, वेगळा.

"हाललं! पाय झाडतंय!" बाईंनी टाळीच वाजवली. मग चष्मा नाकावर घेत म्हणाल्या, "सर, पाय कशाला मोजताय? वरीसभर वाळून पडायचं, आन् थेंब पडला की उठून कामाला लागायचं. आमच्या कर्जतचंच हाय ह्ये."

हल्ली वर्गात पाणअस्वलाचा संघ सांगून झाला, की मी त्याचा तालुकाही सांगतो.